आठवडाभर एकच ओळ

प्रश्न असा आहे : "मी रोज सकाळी एक सुविचार वाचतो. करुणा, माणुसकी, सत्यासाठी उभं राहणं, असे विषय मला मनापासून भिडतात. कधी कधी वाचताना डोळ्यांत पाणीही येतं. दोन आठवड्यांपूर्वी कामाच्या ठिकाणी बैठकीत वरिष्ठांनी माझ्या एका सहकाऱ्याला सगळ्यांसमोर नको नको ते बोलून घेतलं. चूक त्याची नव्हती आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. मी गप्प बसलो. त्याच दिवशी सकाळी मी धैर्यावरचं वचन वाचलं होतं. मग या वाचनाचा उपयोग काय? रोजच्या ऐवजी आठवड्याला एकच वचन घेतलं तर काही साधेल का? आणि घ्यायचं तर कोणतं, कसं?"

साधेल, पण वाचायची रीत बदलावी लागेल.

गेली १९ वर्षं आम्ही दहा-बारा जण दर आठवड्याला तासभर एकत्र बसतो. मंडळी बदलत राहतात. परिचारिका येतात, शिक्षक येतात, घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षं सेवा करणारे येतात, दिवसभर खिडकीपलीकडे बसून लोकांचे अर्ज घेणारेही येतात. एक वचन घ्यायचं, ते आठवडाभर बाळगायचं आणि पुढच्या वेळी काय झालं ते खरं खरं सांगायचं, एवढाच आमचा कार्यक्रम. या सगळ्या वर्षांत "कळतं पण वळत नाही" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की तुम्ही एकटे आहात असं कृपा करून समजू नका. कळणं आणि वळणं यांच्यामध्ये नेमकं काय आडवं येतं, ते आधी बघू.

१९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थी ४०. त्यांतल्या काहींना बायबलमधल्या दयाळू शोमरोनी माणसाच्या गोष्टीवर बोलायचं होतं. रस्त्याच्या कडेला जखमी पडलेल्याला परका माणूस उचलतो, तीच गोष्ट. बाकीच्यांना नोकऱ्यांसारख्या साध्या विषयावर बोलायचं होतं. बोलण्यासाठी शेजारच्या इमारतीत जायचं आणि वाटेत दाराशी एक माणूस कण्हत, खोकत पडलेला. थांबलं कोण? ज्यांना अजिबात घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. थोडी घाई होती त्यांच्यातले ४५ टक्के. आणि "तुम्हाला उशीर झालाय, पळा" असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त १० टक्के. डोक्यात करुणेची गोष्ट होती की नोकरीचा विषय, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

मी हा प्रयोग नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पहिल्यांदा ऐकल्यावर मन खट्टू होतं, कारण आपण वचनांवर जो विश्वास टाकलेला असतो त्यालाच तडा जातो. पण नीट बघा. ती मुलं निर्दय नव्हती. त्यांना घाई होती. आणि जी गोष्ट त्यांना सांगायची होती ती त्यांच्या डोक्यात भाषणाचा विषय म्हणून होती, त्या दाराशी पडलेल्या माणसाशी तिचा धागा जुळलेलाच नव्हता. सकाळी चहाचा घोट घेता घेता वाचलेल्या सुविचाराचं हेच होतं. तो वाचून होतो, आवडतो, दोन-चार जणांना पाठवून होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा येतो. त्याला कुणाचा चेहरा चिकटायला वेळच मिळत नाही.

म्हणून आठवडा.

अमेरिकेचे मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी स्वतःसाठी अशीच रीत आखली होती. त्यांनी १३ गुणांची यादी केली आणि ठरवलं की एका आठवड्यात एकाच गुणाकडे लक्ष द्यायचं. १३ आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. छोट्या वहीत रकाने आखून जिथे चूक झाली तिथे काळी खूण करायचे. पुढे त्यांनी लिहून ठेवलं की आपल्यात आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दोष आहेत हे पाहून आश्चर्य वाटलं, पण ते कमी होताना पाहण्याचं समाधानही मिळालं. मला त्यांच्या रीतीतला हिशेबीपणा फारसा रुचत नाही. काळ्या खुणा मोजत बसलं की माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो आणि करुणेला तर दुसऱ्याकडे बघणारी नजर लागते. पण "या आठवड्यात हे एकच" हा त्यांचा नेम मी तसाच उचलला आहे.

एका ओळीचं आठवडाभरात काय होतं ते एका उदाहरणावरून सांगते. आमच्या गटात एक गृहस्थ होते, अर्ज तपासून घेण्याच्या खिडकीवर काम करणारे. त्या आठवड्याची ओळ तुकोबांची होती : "जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले." आपल्याला ही ओळ इतकी पाठ असते की ती ऐकूच येत नाही. त्यांनाही पहिले दोन दिवस छान वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांना ओळीचा राग यायला लागला. दिवसाला दीडशे माणसं समोर येतात, कुणाकुणाला आपलं म्हणू? चौथ्या दिवशी एक म्हातारी बाई तिसऱ्यांदा तोच अपुरा अर्ज घेऊन आल्या आणि यांच्या तोंडून शेजारच्या माणसाकडे बघून निघालं, "या लोकांना कितीदा सांगायचं!" म्हणाले, "ते 'या लोकांना' माझं मलाच ऐकू आलं. ओळीत 'आपुले' होतं आणि माझ्या तोंडात 'हे लोक' होतं." त्यांनी आतली खुर्ची उचलून बाहेर नेली, बाईंना बसवलं आणि अर्जातला राहिलेला रकाना त्यांच्या शेजारी उभं राहून भरून घेतला. चार मिनिटं लागली. बाईंना ती बारीक अक्षरं दिसतच नव्हती आणि तीनही वेळा ते सांगायची त्यांना लाज वाटली होती.

एका शब्दावर बोट ठेवता आलं म्हणून हे घडलं. हीच ओळ रोज एक अशा सात ओळींतली एक असती तर मंगळवारीच तिची पाळी संपली असती. राग आला त्या दिवशी ती ओळ बदलायची त्यांना मुभा नव्हती. आठवड्याच्या मध्यावर येणारी ही चिडचिड फार मोलाची असते. ओळ कुठेतरी बोचायला लागली की समजा काम सुरू झालं.

आता निवडायचं कसं. मी तीन गोष्टी पाहते आणि त्यांत पहिली ही, की वचन माझी पाठ थोपटतंय का. "चांगल्या माणसांना जग समजून घेत नाही" अशा थाटाची वचनं खूप फिरतात. वाचणारा लगेच स्वतःला चांगल्या माणसांत धरतो आणि वचन तिथेच संपतं. अशी वचनं मी घेत नाही. मला अशी ओळ हवी असते जिच्यात माझ्यासाठी काही काम आहे.

दुसरं, ती ओळ खरंच त्या माणसाची आहे का. हा पंडिती काथ्याकूट वाटेल, पण याला कारण आहे. "जगात जो बदल हवा तो स्वतः व्हा" हे गांधीजींच्या नावावर जगभर खपतं. या शब्दांत ते त्यांच्या लिखाणात सापडत नाही. १९१३ साली त्यांनी लिहिलं होतं ते साधारण असं, की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगाची वृत्तीही बदलेल. "सज्जन गप्प बसले की दुर्जनांचा विजय होतो" या अर्थाचं वाक्य अठराव्या शतकातले ब्रिटिश राजकारणी एडमंड बर्क यांचं म्हणून सांगतात, तेही त्यांच्या लेखनात नाही. "तुझं म्हणणं मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी मरेपर्यंत लढेन" हे फ्रेंच लेखक व्हॉल्तेर यांचं नाही. एव्हलिन बीट्रिस हॉल या चरित्रकार बाईंनी त्यांची भूमिका सांगण्यासाठी १९०६ साली ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं. ओळ दुसऱ्या कुणाची निघाली म्हणून खोटी ठरत नाही, हे मान्य. पण नैतिक धैर्याच्या वचनात अर्धं वजन बोलणाऱ्याने मोजलेल्या किमतीचं असतं. किंमत कुणी मोजली हेच ठाऊक नसेल तर हातात नुसता सुबक शब्द राहतो.

उदाहरण देते. "आधी ते साम्यवाद्यांना न्यायला आले, मी काही बोललो नाही, कारण मी साम्यवादी नव्हतो", आणि शेवटी "मला न्यायला आले तेव्हा बोलणारं कुणी उरलं नव्हतं" हे तुम्ही वाचलं असेल. नुसतं वाचलं तर दुसऱ्यांवर केलेली टीका वाटते, शांत बसणाऱ्या 'त्या' लोकांवरची. पण हे बोलणारे मार्टिन निमोलर हे जर्मन पाद्री सुरुवातीला स्वतः हिटलरच्या उदयाचं स्वागत करणाऱ्यांत होते. नंतर सत्तेने चर्चमध्ये हात घातला तेव्हा ते विरोधात गेले, १९३७ साली पकडले गेले आणि १९४५ पर्यंत तुरुंगात आणि छळछावण्यांत राहिले. युद्धानंतर भाषणांतून ते हे बोलत फिरले, त्यामुळेच त्याचे पाठही वेगवेगळे आहेत. हा कबुलीजबाब आहे. इतरांना नेलं जात होतं तेव्हा आपण का गप्प बसलो होतो, हे एक माणूस आपल्याच लोकांसमोर उभा राहून सांगतो आहे. हे कळल्यावर तीच ओळ वाचा. तुम्ही त्या बैठकीत गप्प बसलात म्हणून स्वतःवर चिडला आहात ना, तर या माणसाशी तुमचं नातं जुळेल. गप्प बसलेल्या माणसालाही पुढे बोलता येतं.

तिसरं म्हणजे ओळ पाठ होईल एवढी लहान असावी. ऐन वेळी वही उघडायला कुणी जात नाही. आपल्या संतांची वचनं यासाठी अतोनात सोयीची आहेत. ती पाठ व्हावीत म्हणूनच रचलेली आहेत.

करुणेबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा, नाहीतर हा नेम चार महिन्यांत तुम्हाला थकवेल. दुसऱ्याचं दुःख पाहून आपण कोसळणं म्हणजे करुणा, अशी आपली समजूत असते. डोळ्यांत पाणी आलं की करुणा झाली. बौद्ध परंपरेत पाचव्या शतकात बुद्धघोष या भाष्यकारांनी याबद्दल फार मार्मिक मांडणी केली आहे. करुणेसारख्या सद्गुणाला एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरता, तो सगळ्यांना ओळखता येतो. जवळचा शत्रू म्हणजे शोक, स्वतःच दुःखात बुडून जाणं. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून घरात शिरतो. अलीकडच्या काळात तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांनी मेंदूच्या अभ्यासातून जवळपास हेच पाहिलं. दुसऱ्याचं दुःख स्वतः भोगायला शिकवलं तेव्हा लोक अधिक खचले. मग त्यांनाच समोरच्याचं भलं चिंतायला, त्याच्याविषयी माया बाळगायला शिकवलं तेव्हा तीच दुःखाची दृश्यं पाहताना त्यांचं मन सावरलं आणि मेंदूतले वेगळे भाग जागे झाले. आमच्याकडे येणाऱ्या परिचारिकांना हे सांगितलं की त्या हमखास मान हलवतात. रडून येणारी नवी मुलगी वर्षभरात नोकरी सोडते आणि जी रोग्याची उशी नीट करून, त्याच्या कपाळावर हात ठेवून पुढच्या खाटेकडे जाते ती वीस वर्षं टिकते, असं त्यांतली एक मला म्हणाली होती.

तेव्हा वचन वाचून डोळे भरून येतात याला वाईट मानू नका, पण त्याला काम झाल्याची पावतीही समजू नका.

आता धैर्य. इथे मला माझं सांगायला हवं, कारण तुमचा प्रश्न वाचताना मला माझाच एक दिवस आठवला.

हा गट सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. मी एका संस्थेत नोकरीला होते. एका नोंदवहीत चूक झाली होती. नोंद करणाऱ्या आम्ही तिघी. ती चूक नव्या मुलीची नव्हती, हे मला माहीत होतं, कारण त्या दिवशी ती वही तिच्या हातात आलीच नव्हती. वरिष्ठांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. मी टेबलाच्या कडेला बसले होते. शब्द घशापर्यंत आले. मला वाटलं, आधी दुसरं कुणीतरी बोलेल. मग वाटलं, आता बोलले तर मध्येच तोंड घातल्यासारखं होईल. मग विषय बदलला. हे सगळं मिनिटभरात झालं असेल. नंतर मी हात धुवायला गेले तेव्हा ती बेसिनपाशी एक कप धूत होती. कप स्वच्छ झाला होता. ती तो विसळत होती, नळ बंद करत होती, पुन्हा सुरू करून पुन्हा विसळत होती. मी तिच्या शेजारी उभी राहून हात धुतले आणि बाहेर आले. माझ्या पिशवीतल्या वहीत तेव्हा तुकोबांचं वचन उतरवलेलं होतं, "सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता." अक्षरही चांगलं काढलं होतं.

तो कप मी विसरलेले नाही. माझ्या या कामाची सुरुवात तिथून झाली.

पुढे मी त्या ओळीच्या मागेपुढे काय आहे ते वाचलं. ज्या अभंगात ती येते त्यात तुकोबा आपली कर्मकहाणी सांगत आहेत. दुष्काळाने पैसा गेला, मान गेला, एक बायको "अन्न अन्न" करत मेली, त्याची लाज वाटली, व्यवसाय बुडाला. एवढं सगळं सांगत सांगत ती ओळ येते. हा माणूस चौकात उभा राहून शौर्याच्या गोष्टी करत नाहीये. ज्याचं सगळं जाऊन बसलंय त्याने मनालाच साक्षीदार केलं आहे. हे कळल्यापासून ती ओळ माझ्यासाठी सुंदर अक्षरात लिहायची ओळ राहिली नाही. तिने मला विचारायला सुरुवात केली, तुझ्या मनाने काय साक्ष दिली होती त्या दिवशी?

मी गप्प का बसले याचा विचार करताना दोन गोष्टी कळल्या. एक, माझ्याकडे वाक्यच तयार नव्हतं. ऐन वेळी बुद्धी सुचत नाही, सवय सुचते. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी जर-तरच्या संकल्पांवर बरंच काम केलं आहे. "मी धीट होईन" असा मोघम निश्चय आणि "जर बैठकीत कुणावर चुकीचा ठपका आला, तर मी म्हणेन : थांबा, या नोंदीबद्दल मला एक माहिती आहे" असा ठरवून ठेवलेला संकल्प, यांत दुसराच जास्त तडीला जातो. म्हणून आमच्या गटात धैर्याची ओळ असेल त्या आठवड्यात प्रत्येकाने एक वाक्य मोठ्याने म्हणून दाखवायचं असा दंडक आहे. साधं, आवाज न चढवता म्हणता येईल असं. पहिल्यांदा म्हणताना लोक अडखळतात, हसतात. तिसऱ्यांदा वाक्य जिभेवर बसतं.

सावित्रीबाई फुले यांच्याबद्दल आपण सगळे हे ऐकून आहोत, की त्या शाळेत शिकवायला जाताना लोक त्यांच्या अंगावर चिखल, शेण टाकत आणि म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं नेत. शाळेत पोचल्यावर ते नेसून शिकवायला उभ्या राहत. या गोष्टीतला चिखल आपल्या लक्षात राहतो. मला ते दुसरं लुगडं जास्त बोलतं. आज अंगावर काय येणार आहे हे त्यांना घरातून निघतानाच ठाऊक होतं आणि त्याची तजवीज त्यांनी केलेली होती. भीती वाटली असेल की नसेल, मला माहीत नाही. तयारी होती. तुमचं वाक्य आधी तयार करून ठेवा म्हणते, त्याचा अर्थ एवढाच. आणि त्याच बाई १८९७ साली प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. ज्या हातांनी चिखल पुसला त्याच हातांनी रोगी उचलला, म्हणून करुणा आणि धैर्य अशी दोन वेगवेगळी पुस्तकं मला करताच येत नाहीत. तुकोबा एका ओळीत म्हणतात, "मऊ मेणाहून आम्ही विष्णुदास, कठिण वज्रास भेदू ऐसे." माझ्या वहीत दर वर्षीची पहिली ओळ हीच असते.

दुसरी गोष्ट मला कळली ती अशी, की मी एकटी होते. किंवा तसं मला वाटलं होतं. मानसशास्त्रज्ञ सोलोमन ॲश यांचे १९५०च्या दशकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत. समोरच्या रेघांपैकी कोणती नमुन्याच्या रेघेएवढी लांब, हे डोळ्यांना सरळ दिसत असताना, आधीच ठरवून बसवलेले बाकी सगळे चुकीचं उत्तर देतात म्हणून माणसं साधारण एक-तृतीयांश वेळा चुकीच्या बाजूला गेली. पण गटात एक, फक्त एक माणूस खरं उत्तर देणारा ठेवला की हे प्रमाण एकदम खाली आलं. त्यामुळे मी सांगते की हा नेम एकट्याने करू नका. एक सोबती बघा. त्याच कामाच्या ठिकाणचा असेल तर फार उत्तम. "अशी वेळ आली तर मी बोलेन, तू दुजोरा दे" एवढं आधी बोललेलं असलं की अर्धी भीती जाते. कित्येकदा धैर्य म्हणजे पहिलं बोलणं नसतं, दुसरं बोलणं असतं. "ते म्हणतात ते खरं आहे, मीही पाहिलंय" असं म्हणणाऱ्याने पहिल्याला वाचवलेलं असतं.

एक सावधगिरीही सांगायला हवी. बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. जिच्या नोकरीवर घर चालतं तिला मी "उठ आणि बोल" असं कधी म्हणणार नाही. तिच्यासाठी दुसरे मार्ग असतात : नंतर एकांतात वरिष्ठांना सांगणं, लेखी नोंद करणं, ज्याच्यावर ठपका आला त्याच्या शेजारी जाऊन बसणं. हे मार्ग कमी प्रतीचे नाहीत. आणि ज्यांना बोलायची ताकद आहे त्यांनी ज्ञानदेवांच्या पसायदानातला एक शब्द जवळ ठेवावा. "जे खळांची व्यंकटी सांडो." खळ नाहीसे होवोत असं ते म्हणत नाहीत, त्यांचा वाकडेपणा जावो म्हणतात. चुकीच्या गोष्टीविरुद्ध उभं राहताना समोरच्याचा पाणउतारा करायची उबळ येते. तुमच्या वरिष्ठांनी त्या सहकाऱ्याचं जे केलं तेच आपण वरिष्ठांचं करायला निघतो. या एका शब्दाने मला अनेकदा आवरलं आहे.

रोजचा तपशील थोडक्यात सांगते. आठवड्याची ओळ सुट्टीच्या दिवशी ठरवा आणि हाताने लिहा. टाइप करू नका, कुणाला पाठवूही नका. पाठवलं की आपलं काम झालं असं मनाला वाटतं. ओळीखाली एका माणसाचं नाव लिहा, या आठवड्यात ज्याच्याशी हिचा संबंध येऊ शकतो अशा माणसाचं. नाव लिहिल्याशिवाय ओळ कागदावरच राहते, हा माझा पक्का अनुभव आहे. मग दिवसातल्या एका ठरावीक क्षणाला ती मनात म्हणा. कामाच्या ठिकाणचं दार ढकलताना म्हणणारे आमच्यात बरेच आहेत. म्हणताना पावलं हळू होतात आणि प्रिन्स्टनच्या त्या मुलांना जे मिळालं नव्हतं तेवढं थांबणं तुम्हाला मिळतं. आठवड्याच्या शेवटी दोन-तीन वाक्यं लिहा : कुठे जमलं, कुठे हुकलं. हुकलेलं नीट लिहा, जागा, वेळ, कोण होतं, तोंडाशी काय आलं होतं. जमलेल्या प्रसंगांनी बरं वाटतं, शिकवतात ते हुकलेले. त्यातूनच पुढच्या वेळचं वाक्य तयार होतं. काही आठवडे अगदी कोरडे जातात, ओळ मेल्यासारखी पडून राहते. तेही लिहा आणि पुढे चला. माझ्या वहीत एकाच ओळीपुढे पाच वेगवेगळ्या वर्षांच्या तारखा आहेत आणि पहिल्या तीन तारखांपुढे काहीही घडलेलं नाही.

आता तुमचा सहकारी.

तुम्ही लिहिलंय की त्या बैठकीला दोन आठवडे झाले. म्हणजे उशीर झालेला नाही. मी त्या मुलीकडे गेले नाही, काही महिन्यांत ती नोकरी सोडून गेली आणि मग माझ्याकडे जायला जागाच उरली नाही. तुमचा सहकारी अजून रोज तिथे येतो आहे. तेव्हा या आठवड्याची ओळ मी सुचवते, निमोलर यांची घ्या किंवा "मन केले ग्वाही" घ्या, आणि खाली त्याचंच नाव लिहा. त्याला एकटं गाठा. मोठी प्रस्तावना करू नका, स्वतःला फार दोषही देऊ नका, नाहीतर तुमचंच सांत्वन करायची वेळ त्याच्यावर येईल. एवढंच म्हणा, "त्या दिवशी चूक तुझी नव्हती. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. मला ते सलतंय. तुझी हरकत नसेल तर मी आता वरिष्ठांना खरं काय ते सांगतो." मग तो काय म्हणतो ते ऐका. तो "नको" म्हणाला तर त्याचं ऐका. "हो" म्हणाला तर त्याच दिवशी जा आणि दार ढकलण्यापूर्वी क्षणभर थांबा.